ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटला गारवा आणि ऊब: मागचं एसी-हीटर युनिट बसवताना

फोन करणाऱ्या गाडीवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मागचं युनिट बसवायला किती लागतील?" माझाही उलटा प्रश्न ठरलेला आहे, "पुढचा कंडेन्सर केवढा आहे?" मागच्या सीटवरचा गारवा मागच्या पेटीत तयार होत नाही. माणसांची, काचांची, पत्र्याची उष्णता मागच्या कॉईलमध्ये गॅस उचलतो आणि ती रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरमधून बाहेर पडते. बाहेर पडायची वाटच अरुंद असेल तर मागे कितीही महागाची पेटी लावा, मागे गारवा येणार नाहीच, पुढे होता तोही जाईल. म्हणून या लेखात अर्धं बोलणं बोनेटखालचंच आहे.

मी साताऱ्यात गाड्यांच्या एसीची कामं करतो. इथे लिहितोय ते बारा-तेरा सीटच्या ट्रॅव्हलरसारख्या गाडीबद्दल, जिच्या डॅशबोर्डला कंपनीचा एसी आहे आणि मागे फक्त खिडक्या. ईको आणि ओम्नीवालेही विचारायला येतात. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं. त्याच्यावर दुसरी कॉईल लादली तर यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा जड जाईल. त्यांना मी छताला आतून चांगलं इन्सुलेशन आणि पुढची हवा मागे ढकलणारे दोन छोटे पंखे सुचवतो आणि चहा पाजून परत पाठवतो.

हीटर कशाला, हा दुसरा ठरलेला प्रश्न. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या गाडीला खरंच नको. तिथे तेच पैसे मोठ्या कंडेन्सरला लावा. पण साताऱ्याची गाडी महाबळेश्वर-पाचगणीचे पर्यटक वाहते. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकच्या काठच्या गवतावर दवबिंदू गोठतात आणि पहाटेची बॅच घेऊन निघालेल्या गाडीत मागचे लोक शाली पांघरून बसतात. तरी हीटरचं खरं काम मी जुलैत मोजतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. भिजलेली बारा माणसं आत बसली की पाच मिनिटांत सगळ्या काचा धुकटतात. नुसता एसी लावला तर काचांवरचं धुकं जातं, पण ओल्या अंगाची माणसं कुडकुडतात. एसीच्या कॉईलने हवेतलं पाणी काढून घ्यायचं आणि तीच कोरडी हवा हीटरच्या कॉईलवरून थोडी गरम करून सोडायची, हा त्यावरचा उपाय. त्यासाठी पेटीत आधी एसीची आणि मग हीटरची कॉईल अशी रचना हवी. युनिट विकत घेताना झाकण उघडून हा क्रम बघून घ्या.

आता हिशेब. बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. तेरा जणांची झाली १.३ किलोवॉट. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट, म्हणजे एक टनातला तिसऱ्याहून जास्त हिस्सा नुसती माणसंच खातात. छत, काचा आणि दार उघडझाप वेगळी. म्हणून मागे एक ते दीड टनाची पेटी लागते, आणि पुढच्यासकट दोन्ही कॉईल ओढायला कॉम्प्रेसर दमदार लागतो. कॉम्प्रेसरच्या प्लेटवरचा नंबर वाचा. सँडेनचा ५एच१४ म्हणजे १३८ सीसी, ७एच१५ म्हणजे १५५ सीसी. डेन्सोचा १०पी१५ हाही १५५ सीसीचा. दोन कॉईलसाठी मी १५५ च्या खाली जात नाही.

कामाला हात घालण्याआधी फक्त पुढचा एसी तपासायचा. दुपारी, ऊन असताना, इंजिन १,५०० आरपीएमवर धरून गेज लावा. पस्तीस अंशांच्या हवेत एकट्या पुढच्या कॉईलवरच हाय साईड (कॉम्प्रेसरनंतरची, जास्त दाबाची बाजू) २५० पीएसआयच्या वर जात असेल, तर ती गाडी मागचं युनिट पेलणार नाही. आधी कंडेन्सर धुवा, पंखा बघा, तरीही दाब उतरला नाही तर पॅरलल-फ्लोचा, म्हणजे समांतर चपट्या नळ्यांचा, मोठा कंडेन्सर टाका आणि त्याला स्वतंत्र पंखा द्या. ऊसाच्या हंगामात पाचटाचे बारीक तुकडे कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतात. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. कंडेन्सर पुढे ओढून टॉर्चने बघा. अल्टरनेटरही याच वेळी मोजा: हेडलाईट, वायपर, पुढचा ब्लोअर सगळं चालू ठेवून आयडलला बॅटरीवर १३.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. मागचा ब्लोअर आणि जादा पंखा मिळून वीस-पंचवीस अँपिअर अजून मागणार आहेत.

कागदाचं एकदाच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे. टुरिस्ट परमिटची गाडी असेल तर काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या, फिटिंगचं पक्कं बिल ठेवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पेटी किंवा डक्ट आपत्कालीन दारासमोर किंवा खिडकीसमोर येता कामा नये, यावर चर्चा नाही.

पेटीची जागा

गार हवा वरून पडावी, गरम हवा पायाशी यावी. छताला लावायच्या पेट्या गारव्याला उत्तम, पण त्यांच्यात हीटरची कॉईल घेऊ नका. कॉईल रेडिएटरच्या पाण्याच्या पातळीच्या वर गेली की तिच्यात हवा अडकते आणि मग थंडीत तुम्ही पेटीला आणि गिऱ्हाईक तुम्हाला शिव्या देतं. दोन्ही हवं असेल तर शेवटच्या सीटमागे, डाव्या चाकाच्या कमानीवर बसणारी उभी पेटी घ्या. तिथून एक डक्ट खांबाला धरून छतावर जातो आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्यांतून हवा सोडतो; दुसरं तोंड जमिनीलगत. मध्ये झडप असते. परतीची हवा पेटीच्या समोरून घेतली जाते, आणि तिथेच प्रवाशांच्या बॅगा ढकलल्या जातात. जाळीसमोर चार इंच सोडून लोखंडी पट्टीचं कुंपण लावलं की निम्म्या तक्रारी कमी होतात.

पेटी नुसत्या पत्र्यावर लटकवू नका. फ्लोअरखाली आडवी चॅनेल असते, बोल्ट तिच्यात गेले पाहिजेत, मध्ये रबर. भोक पाडण्याआधी खाली वाकून डिझेलची टाकी, ब्रेकचा पाईप आणि वायरिंग कुठे आहे ते स्वतः बघा, शिकाऊ पोराच्या सांगण्यावर विसंबू नका. भोकाच्या कडेला रेड ऑक्साईड आणि रबरी ग्रोमेट, वरून सीलंट. हे गंजासाठी करायचं, पण त्याहून जास्त धुरासाठी. सायलेन्सरचा धूर गाडीच्या मागे घोळतो. फ्लोअरला फट राहिली आणि खिडक्या बंद करून एसी चालू असला तर तो आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही. मागच्या दाराचं रबर फाटलेलं असेल तर त्याच दिवशी बदलून टाका.

आतलं सिलिंग उघडलंच आहे तर पत्र्याला नायट्राईल रबरची शीट चिकटवून घ्या. दहा-बारा मिलिमीटर पुरे. अर्धा टन जास्तीची पेटी घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि पावसाचा पत्र्यावरचा ताशा पण कमी होतो.

पाईप आणि होज

कॉम्प्रेसरमधून गरम गॅस दाबाने कंडेन्सरला जातो, तिथे पातळ होतो, ओलावा शोषणाऱ्या ड्रायर बाटलीतून पुढे दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हला येतो, कुलिंग कॉईलमध्ये त्याची वाफ होते आणि ती परत कॉम्प्रेसरला. मागच्या युनिटला दोन फाटे घ्यायचे: ड्रायरच्या पुढे पातळ गॅसच्या लिक्विड लाईनला एक, आणि वाफ कॉम्प्रेसरकडे परत नेणाऱ्या सक्शन लाईनला दुसरा. हा सक्शनचा टी (तीन तोंडांचा जोड) कॉम्प्रेसरच्या जितका जवळ घ्याल तितका चांगला, कारण तिथून पुढे एकाच पाईपमधून दोन्ही कॉईलचा गॅस जातो. मागच्या कॉईलला स्वतःचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असतोच. त्याच्या आधी लिक्विड लाईनवर विजेवर उघडबंद होणारा एक सोलेनॉईड व्हॉल्व्ह टाका आणि तो मागच्या स्विचला जोडा, म्हणजे गाडी रिकामी असताना सगळा गॅस पुढेच काम करतो.

लिक्विडला ६ नंबरचा होज, म्हणजे आतून ८ मिलिमीटर. सक्शनला १० नंबर, आतून साधारण १३. लांब गाडीला १२ नंबर. बॅरिअर होजच घ्या, म्हणजे गॅस झिरपू न देणारा थर असलेला. घरच्या एसीचा तांब्याचा पाईप स्वस्त मिळतो म्हणून गाडीखाली टाकणारे आहेत. आपल्या रस्त्यांच्या हादऱ्याने तो फ्लेअरच्या, म्हणजे जोडासाठी पसरवलेल्या तोंडाच्या, मुळाशी चिरतो, गॅस एका पावसाळ्यात जातो, आणि मग दोष गॅस भरणाऱ्याला. जोडाला आर-१३४ए या एसीच्या गॅसला चालणाऱ्या हिरव्या ओ-रिंग (रबरी कड्या), कॉम्प्रेसरचं तेल लावून. कोरडी रिंग आवळताना पिळते.

खालून पाच गोष्टी जाणार: दोन गॅसचे, दोन गरम पाण्याचे, एक वायरिंग. चॅसिसच्या आतल्या बाजूने न्या, चॅसिसच्या खाली एक इंचही लोंबता कामा नये; गावोगावचे स्पीड ब्रेकर आपल्याला माहीत आहेत. सायलेन्सरपासून वीतभर लांब, जमलं नाही तर मध्ये पत्र्याचं ढाल. दर फूट-सव्वा फुटावर रबर असलेला क्लॅम्प. सक्शनवर इन्सुलेशनची नळी चढवा. लिक्विडचा होज गरम पाण्याच्या होजला टेकवू नका. कंडेन्सरने महत्प्रयासाने थंड केलेला गॅस वाटेत परत तापवण्यात काय हशील? सक्शन कुठेही खळग्यासारखी खाली वाकवून वर घेऊ नका, तिथे तेल साठतं आणि कॉम्प्रेसर उपाशी राहतो.

पाण्याचे होज १६ मिलिमीटरचे, ईपीडीएम रबराचे. पुढे हीटर असेल तर त्याच्याच येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाईपला टी टाकून समांतर जोडा. एकातून दुसऱ्यात असं सिरीजमध्ये जोडलं तर ड्रायव्हरच्या पायाशी कढत हवा आणि मागे कोमट. पुढे हीटरच नसेल तर सिलिंडर हेडच्या गरम बाजूला बूच मारलेली जागा असते तिथून घ्या, आणि परतीचं पाणी वॉटर पंपाच्या सक्शनला द्या. पुरवठ्याच्या टीजवळच, बोनेटमध्ये, कॉक हवा आणि त्याची केबल ड्रायव्हरच्या हाताशी. कॉक मागे पेटीजवळ लावला तर एप्रिलमध्येसुद्धा नव्वद अंशांचं पाणी फ्लोअरखालून फेऱ्या मारत बसतं. केबिनच्या आत पाण्याचा एकही जोड उघडा ठेवू नका. कॉईलची तोंडं फ्लोअरखाली काढा आणि जोड तिथे द्या. क्लिप सुटली तर कढत पाणी रस्त्यावर पडेल, प्रवाशाच्या पायावर नाही.

पाण्याचा निचरा आणि वायर

निचऱ्याच्या नळीकडे कोणी बघत नाही आणि पहिल्या पावसाळ्यात त्याचीच गाडी परत येते. ब्लोअर कॉईलमधून हवा ओढत असेल तर ट्रेमधलं पाणीही तो आत धरून ठेवतो, आणि वळणावर ते शेवटच्या सीटवरच्या माणसाच्या खांद्यावर सांडतं. नळीला यू वळण द्या, किंवा टोकाला रबराची चिमटी तोटी लावा. चढावर आणि उतारावर दोन्हीकडे पाणी निघावं म्हणून ट्रेला दोन कोपऱ्यांतून दोन नळ्या चांगल्या. झाकण लावण्याआधी ब्लोअर फुल करून ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओता आणि खाली वाकून बघा.

ब्लोअरची वायर ४ चौरस मिलिमीटरची. आठ मीटर अंतर आणि पंधरा अँपिअर धरले तर हिच्यातही अर्धा व्होल्ट वाटेत जातो. दीडच्या वायरवर ब्लोअर रडत चालतो आणि वायर गरम होते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, मग ३० अँपिअरचा रिले. रिलेच्या ८५-८६ पिनांना स्विचचा करंट, ३० ला बॅटरी, ८७ वरून ब्लोअर. स्विचचा करंट इग्निशननंतरचा घ्या. मागच्या कॉईलवरच्या थर्मोस्टॅटचा सेन्सर पट्ट्यांच्या आत नीट खोचा, नाहीतर कॉईलवर बर्फ धरतो. हाय-लो प्रेशर स्विच मूळचा आहे तोच राहील. तो काढून वायर शॉर्ट करणाऱ्याच्या दुकानात गाडी सोडू नका.

गॅसचं काम

जुना गॅस उघडून हवेत सोडायचा नाही, मशीनने काढून घ्यायचा. एक किलो आर-१३४ए हवेत गेला तर १,४३० किलो कार्बन डायऑक्साईडइतका ताप करतो, आणि शेवटी तो पैसे देऊन विकत घेतलेला माल आहे. स्वस्तातला म्हणून जो जळणारा गॅस कुठे कुठे विकला जातो तो प्रवासी गाडीत कधीही भरू नका.

ड्रायर बाटली नवीन, आणि तिची बुचं सगळ्यात शेवटी काढायची. मागच्या कॉईलसाठी कॉम्प्रेसरचं पॅग तेल पन्नास मिलिलिटरच्या आसपास जास्तीचं द्यावं लागतं. ग्रेड कॉम्प्रेसरच्या प्लेटवर असेल तीच. पॅग तेल हवेतलं पाणी शोषतं. पावसाळ्यात फोडलेला डबा आठवड्याने वापरायला काढणं म्हणजे सिस्टिममध्ये पाणी ओतणं.

लीक टेस्ट नायट्रोजनने, रेग्युलेटर लावून, १५० पीएसआयपर्यंत. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस, आणि मग काटा अर्धा तास हलला नाही पाहिजे. वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन कधीही वापरू नका, दाबाखाली तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. टायरवाल्याची हवाही नको, तिच्यात पाणी असतं.

मग व्हॅक्युम, म्हणजे आतली हवा पंपाने ओढून काढणं. कमीत कमी पाऊण तास, आणि पंप बंद करून अर्धा तास थांबा. इथे आपल्या भागातल्या पोरांचा गोंधळ होतो. व्हिडिओत काटा पाऱ्याच्या २९ इंचांवर गेलेला दिसतो आणि साताऱ्यात तो २७ च्या थोडा पुढे जाऊन थांबतो. पंपाचा दोष नाही. सातारा समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, इथे हवेचाच दाब कमी, म्हणून गेजही तिथपर्यंतच जातो. सांगलीत तो २८ ला टेकतो, महाबळेश्वरला २६ च्याही खाली राहतो. बघायचं ते इतकंच, की काटा तिथे पोचल्यावर परत येतो का. तीस अंश तापमानाला पाणी उकळायला दाब ३२ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली जावा लागतो. आतला ओलावा निघतो तो असा उकळून, म्हणून दहा मिनिटांत पंप काढणाऱ्याने नुसती हवा काढली, पाणी आतच राहिलं.

गॅस वजनाने भरायचा. पुढच्या एसीचं वजन बोनेटच्या स्टिकरवर असतं, मागच्या युनिटचं त्याच्या कागदावर. दोन्हींची बेरीज काट्यावर लावा. पहिला हिस्सा इंजिन बंद ठेवून हाय साईडने पातळ स्वरूपात, मग हाय साईडचा कॉक बंद करून, इंजिन चालू करून, गॅसची बाटली उभी धरून लो साईडने (कमी दाबाच्या बाजूने) वाफ. इंजिन चालू असताना हाय साईडचा कॉक उघडलात तर कंडेन्सरचा दाब बाटलीत उलटतो आणि बाटली फुटू शकते. हातमोजे आणि चष्मा घाला. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. शेवटचे शंभर ग्रॅम हळूहळू, दोन्ही ब्लोअर फुल, दारं उघडी. लो साईड ३० ते ४० पीएसआय, हाय साईड २०० ते २५०. काचेतला बुडबुडा बघून गॅस भरायची सवय जुन्या आर-१२ गॅसच्या काळातली आहे, ती सोडा.

पाणी भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. नवीन होजची लांबी येऊन-जाऊन दहा मीटर धरली तर त्यांच्यातच दोन लिटर बसतं, त्यामुळे नेहमीच्या मापावर थांबू नका. बोअरचं पाणी नको, विशेषतः वाळवा-मिरजेच्या क्षारपड पट्ट्यातलं. हीटरच्या बारीक नळ्या क्षाराने बुजतात. गाडीचं तोंड चढावर करून, कॉक उघडा ठेवून, इंजिन गरम होईपर्यंत हवा काढा. मागच्या दोन्ही होजना हात लावा. एक कढत आणि एक गार असेल तर आत अजून हवा आहे, किंवा कॉक अर्धवट आहे.

ट्रायल घाटातच घ्या. माणसं भरून, दुपारी, दोन्ही एसी चालू ठेवून यवतेश्वर चढा आणि डोळा इंजिनच्या तापमानावर ठेवा. काटा नेहमीच्या जागेवरून सरकून वर राहत असेल तर गाडी गिऱ्हाईकाच्या ताब्यात देऊ नका, पंख्याकडे परत जा. वर पोचल्यावर मागच्या जाळीत थर्मामीटर धरा. बारा अंशांच्या आत आला की मी समाधानी.

महिनाभराने पाण्याच्या सगळ्या क्लिपा पुन्हा आवळून घ्या, नवीन रबर बसतं. परतीच्या जाळीचा फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा. थंडीत आठवड्यातून दहा मिनिटं मागचा एसी आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा हीटरचा कॉक चालवा, म्हणजे तेल फिरतं राहील आणि कॉक जाम होणार नाही.